पात्मोसचा लेखनिक

ग्रीस पाहून आलेल्या माणसाने अॅक्रोपोलिसविषयी बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते. मी बोलत नाही, म्हणून आमच्या स्टाफरूममध्ये माझ्याविषयी थोडी निराशाच आहे. अॅक्रोपोलिस मी पाहिली. भर उन्हात, टोपी विसरल्याबद्दल स्वतःला बोल लावीत पाहिली. तिच्याविषयी जे सांगण्यासारखे आहे ते माझ्याहून शहाण्या माणसांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. मला सांगायचे आहे ते एका घळीविषयी, आणि त्या घळीत खाली मान घालून लिहीत बसलेल्या एका माणसाविषयी.

झाले असे की, ह्यांचे अथेन्सला कचेरीचे काम निघाले आणि कधी नव्हे ते "तूही चल" असे हे म्हणाले. ही बातमी मी प्रथम सांगितली ती वसईच्या माझ्या मैत्रिणीला. तीही मराठीच शिकवते. ती म्हणाली, "एवढी जातेस तर पात्मोसला जाऊन ये. आमच्या बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, त्या बेटावरचं. तिथून मला योहानाचं एक चित्र आण." मैत्रिणी परदेशातून साडीची पिन किंवा चॉकलेट मागवतात, ही बाई योहान मागवते! पण तिचा शब्द मोडवेना. काम संपल्यावर ह्यांनी दोन दिवस जास्तीचे काढले आणि आम्ही पिरेयसच्या धक्क्यावरून बोटीत बसलो.

पात्मोसला विमान उतरत नाही. दुपारी निघालेली बोट मध्यरात्रीच्या सुमारास स्काला नावाच्या बंदराला लागते, आणि मग एकदम दिसतो तो काळोखात उंच टांगल्यासारखा दिव्यांचा पुंजका. तो म्हणजे डोंगरमाथ्यावरचे गाव खोरा, आणि त्याच्या मधोमध योहानाच्या नावाचा मठ. बेट केवढे, तर अवघे ३४ चौरस किलोमीटर. वस्ती तीन हजारांच्या आसपास. सकाळी उजेडात पाहिले तेव्हा मला ते आपल्या देशावरच्या एखाद्या उघड्याबोडक्या माळासारखे वाटले. खडक, खुरटी झुडपे, मध्येच पांढरी घरे, आणि जिकडे तोंड वळवावे तिकडे पाणी. नजर ठरेल तिथे समुद्रच.

ह्या पाण्याला महत्त्व आहे. रोमन लोक नको असलेल्या माणसांना अशा बेटांवर नेऊन सोडीत. इसवी सन ९५ च्या सुमारास, दोमितियन बादशहाच्या अमदानीत, योहान नावाचा एक ख्रिस्ती साधू आपल्या श्रद्धेपायी ह्या बेटावर आला, अशी परंपरा आहे. त्याची माणसे पलीकडच्या किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात. एफेसस, स्मर्ना, पेर्गामम अशा सात गावांतल्या सात मंडळ्या. इथे त्याला दर्शन झाले आणि 'जे पाहतोस ते लिही, आणि त्या सातांना पाठव' अशी आज्ञा झाली. त्या दर्शनात काय नाही? घोडेस्वार आहेत, सात मोहरांनी बंद केलेली गुंडाळी आहे, सात डोक्यांचा अजगर आहे. आणि शेवटी नवी पृथ्वी येते. त्या नव्या पृथ्वीवर समुद्र नसतो, एवढे मात्र मला त्या बेटावर उभी राहिल्यावर चटकन समजले.

त्यानंतर कित्येक शतके ह्या बेटाला सांगण्यासारखा इतिहास नाही. १०८८ साली ख्रिस्तोदुलोस नावाच्या एका संन्याशाने बायझंटाइन सम्राट आलेक्सियोस कोम्निनोस ह्याच्याकडून हे ओसाड बेट मागून घेतले. सम्राटाने सोनेरी मोहोर लावलेली सनद दिली. ती आजही मठात आहे. चाचे आणि तुर्क ह्यांच्या भीतीने मठ बांधला तोही किल्ल्यासारखा. ह्या ख्रिस्तोदुलोसने प्रथम ठरवले की, बेटावर बायकांनी पाऊल टाकायचे नाही. पण भिंती बांधायला गवंडी लागतात आणि गवंड्यांना घरदार असते! बायकोपोरांवाचून ते राहीनात. शेवटी संन्याशाला कुटुंबांना परवानगी द्यावी लागली; ती मात्र बेटाच्या एका टोकाला. आज खोऱ्यातल्या गल्ल्यांतून ठसक्याने चालणाऱ्या म्हाताऱ्या ग्रीक बायका पाहून मला त्या गवंड्यांविषयी फार आदर वाटला. पुढे तुर्क आले, १९१२ साली इटालियन आले, आणि १९४८ साली बेट ग्रीसमध्ये सामील झाले. मठ आणि घळ ह्यांना युनेस्कोने १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत घातले.

तर घळ. बंदरापासून खोऱ्याकडे फरसबंदीची जुनी पायवाट चढत जाते आणि ती अर्ध्यावर आली की घळ लागते. तिच्याभोवती आता देवळे आणि ओवऱ्या झाल्या आहेत. अंगणातून पायऱ्या उतरत उतरत आपण खाली जातो. आत अंधार, तेलाचे दिवे, ऊद. माथ्यावरच्या खडकाला एक भेग आहे. ती तीन फाट्यांची. आकाशवाणी झाली ती ह्या भेगेतून. भिंतीत खाली एक खळगा आहे, त्याला चांदीची कड बसवलेली. तिथे योहान डोके टेकून निजत असे. त्याच्या वर दुसरा लहान खळगा. तिथे हात धरून म्हातारा उठत असे. आणि बाजूला खडकाचाच एक सपाट कठडा आहे. तिथे कागद ठेवून प्रोखोरोस लिहीत असे. फोटो काढायला मनाई असल्यामुळे लोक नाइलाजाने डोळ्यांनी पाहत होते.

हे बराच वेळ गप्प उभे होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, घळच पाहायची होती तर महाडला गेलो असतो की!"

मी डोळे वटारले. पण ह्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. शिवथरच्या घळीत समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहिताहेत, असे मूर्तींचे जे दृश्य आपण पाहतो तेच इथे होते. नेवाशाच्या खांबाशी ज्ञानेश्वर बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते. जगात ज्याला म्हणून काही मोठे ऐकू आले, त्याच्या शेजारी लोकांनी कोणीतरी लिहिणारा बसवलाच आहे.

ह्या प्रोखोरोसची गोष्ट मोठी मजेची आहे. योहानाच्या मूळ पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणात, त्याचे नावही नाही. प्रेषितांच्या काळात मंडळीची सेवा करण्यासाठी निवडलेल्या सात जणांत ह्या नावाचा एक माणूस येतो, तेवढेच. पुढे पाचव्या शतकाच्या सुमारास कोणीतरी त्याच्या नावावर योहानाचे एक चरित्र रचले. त्यात असे आहे की, योहान बोलू लागला तेव्हा विजा कडाडल्या, डोंगर हादरला आणि प्रोखोरोस मेल्यासारखा जमिनीवर पडला. योहानाने त्याला उठवले, उजव्या हाताला बसवले आणि सांगितले, लिही. त्या चरित्राप्रमाणे पात्मोसवर लिहिले गेले ते योहानाचे शुभवर्तमान. प्रकटीकरणही त्याच्याच हातचे, ही भर मागाहून पडली. तेव्हापासून पूर्वेकडच्या चित्रांत हे दोघे बरोबर असतात. योहान मान वळवून आभाळाकडे कान लावून आहे. प्रोखोरोसची मान मात्र खाली. त्याला आभाळ दिसत नाही. त्याला दिसते ती ओळ.

पश्चिमेकडच्या चित्रकारांनी प्रोखोरोसला काढून टाकले. वेलाझ्क्वेझचा योहान एकटा, स्वतःच्या हाताने लिहितो. बॉशचाही तसाच, फक्त बॉशच्या चित्रात एका कोपऱ्यात किड्यासारख्या अंगाचा एक सैतानाचा बच्चा उभा आहे आणि त्याच्या नाकावर चष्मा आहे. लेखनिक काढला आणि त्याच्या जागी चष्मेवाला सैतान घातला! चष्मा मीही लावते. ते चित्र पुस्तकात पाहताना मला ओशाळल्यासारखे झाले. का, ते पुढे सांगते.

घळीतून वर मठात गेलो. तिथे पोथ्यांचा फार मोठा संग्रह आहे; १२०० सालच्या याद्या आहेत, त्यांतच ३३० पोथ्या नोंदलेल्या. त्यांतली एक मात्र तिथे नाही. ८९५ साली आरेथास नावाच्या एका विद्वान धर्माधिकाऱ्याने प्लेटोच्या संवादांची नक्कल करवून घेतली. लिहिणाऱ्याचेही नाव योहानच, सुलेखनकार योहान. पोथीच्या शेवटी हिशेब आहे : लिहिणावळ १३ सुवर्णनाणी, चामड्याच्या पानांचे ८. लिहिणाऱ्याला पानांपेक्षा जास्त मिळाल्याचे वाचून मला बरे वाटले. ही पोथी पुढे पात्मोसच्या मठात आली. १८०१ साली क्लार्क नावाचा इंग्रज प्रवासी तिथे गेला, तेव्हा ती जमिनीवर पडलेल्या ढिगात होती. त्याने सौदा केला, आणि मठातून बोटीवर पोथ्या आल्या त्या पावांच्या टोपलीत, पावांखाली दडवून. १८०९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. प्लेटो अजून तिथे आहे. चोरी म्हणावी की सुटका, ह्यावर बोटीत परत येताना ह्यांचे आणि माझे चांगले वाजले.

वसईला चित्र घेऊन गेले ते महिन्याभराने. लाकडावरचे, तळहाताएवढे, योहान आणि प्रोखोरोस. मैत्रिणीला फार आवडले. तिचे मामा धर्मगुरू; सेमिनरीत ग्रीक शिकलेले. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि हसून म्हणाले, "प्रकटीकरण लिहिताना हा गृहस्थ तिथं असता, तर ते ग्रीक इतकं बिघडलं नसतं."

मी विचारले, "बिघडलं म्हणजे काय, फादर?"

त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी चहा प्यायचे विसरले. तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस ह्याने लिहून ठेवले होते की, शुभवर्तमानाचे ग्रीक निर्दोष आहे आणि प्रकटीकरणाचे अशुद्ध. तेव्हा हे दोन योहान वेगळे असावेत. आपण हे चेष्टेने म्हणत नाही, असेही त्या सज्जनाने जोडले आहे. आजचे बहुतेक अभ्यासक त्याच्या बाजूचे आहेत. काही जण मात्र म्हणत आले की, योहान एकच. शुभवर्तमानाच्या वेळी हाताशी लेखनिक होता, बेटावर तो एकटा होता.

फादरांनी ग्रीक पुस्तक काढून आरंभीचीच एक ओळ दाखवली. आपण मराठीत 'घोडा' ह्या शब्दाला 'पासून' लावताना 'घोड्यापासून' म्हणतो; 'घोडापासून' लिहिणाऱ्या मुलाचे गुण मी कापते. ग्रीकमध्येही 'पासून' अशा अर्थाच्या शब्दाजवळ नाम आले की त्याचे रूप बदलते. योहान देवापासून कृपा मागतो आहे. देवासाठी तो भूत, वर्तमान आणि भविष्य ह्या तिन्ही काळांत असणारा अशा अर्थाची एक लांब संज्ञा वापरतो आणि तिचे रूप बदलतच नाही. सरळ 'घोडापासून'! व्याकरणात ह्याहून ढोबळ चूक नाही.

"आणि गंमत बघा," फादर म्हणाले, "त्याच वाक्यात, त्याच शब्दापुढं, लगेच सात आत्मे येतात. त्यांचं रूप त्यानं बिनचूक चालवलंय."

म्हणजे नियम त्याला ठाऊक होता. मग ही चूक? बऱ्याच भाष्यकारांचे मत असे की, ती चूक नव्हेच. ज्याच्यात बदल होत नाही त्याच्या नावाला तो विभक्तीसाठी वाकवायला तयार नव्हता. मी मराठीची बाई; मला भाष्यकारांची गरज पडली नाही. आपल्या व्याकरणात रूप न बदलणाऱ्या शब्दाला 'अव्यय' म्हणतात, आणि गीतेत परमात्म्यालाही अव्ययच म्हटले आहे. योहानाने देव अव्यय म्हणून चालवला.

"मग नकलाकारांनी काय केलं?" मी विचारले.

"काय करणार? सुधारलं," फादर म्हणाले. पुढच्या पुष्कळ पोथ्यांत कोणी मध्येच 'देव' हा शब्द योग्य रूपात घालून वाक्य सावरले आहे, तर कोणी दुसरी युक्ती केली आहे. पुस्तकाच्या शेवटी योहानाने बजावून ठेवले आहे की, ह्यातले एक अक्षर वाढवील किंवा गाळील त्याचे बरे होणार नाही. ते वाक्यही त्या नकलाकारांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतले असेल. चांगल्या मनाने, चांगल्या अक्षरात.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली होती, पण बाहेरचे काही दिसले नाही.

एम.ए. झाल्यावर मी चौदा महिने लेखनिक होते. आमच्या एका सरांना काचबिंदूने दिसेनासे झाले होते. एका महानुभावी ग्रंथाचे संपादन त्यांनी पुरे करीत आणले होते, प्रस्तावना राहिली होती. रोज संध्याकाळी पाच ते सात मी त्यांच्या वाड्यात जाई. सर झोपाळ्यावर बसून सांगत, मी पाटावर बसून लिही. मजुरी वेलदोड्याचा चहा. सर विरामचिन्हांसकट सांगत. "इथं अर्धविराम दे, श्वास घ्यायचाय" म्हणत. काकू उंबऱ्यापाशी तांदूळ निवडीत बसत. त्यांचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. त्याच्याविषयी त्या घरात कोणी बोलत नसे.

प्रस्तावनेच्या शेवटी सरांनी एक वाक्य सांगितले : "गेली तीन वर्षे ह्या पोथ्यांनी आम्ही वाचलो." मी लिहिले. घरी येऊन मुद्रणप्रत करताना ते वाक्य खटकले. थकव्याने सरांची जीभ घसरली असणार; कर्म एकीकडे, क्रियापद भलतीकडे. मी ते नीट केले : "गेली तीन वर्षे ह्या पोथ्या आम्ही वाचल्या." 'आम्ही' हे संपादकीय बहुवचन, असेही मनात म्हटले. विचारले नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी सरांना काय विचारायचे! खरे सांगायचे तर, आपल्याला त्यांची चूक सापडली ह्याचा आनंदही होता.

पुस्तक छापून आले. सरांना दिसत नव्हते, म्हणून प्रस्तावना मीच मोठ्याने वाचून दाखवली. त्या वाक्यापाशी आले तेव्हा ताटातला काकूंचा हात थांबला. झोपाळाही थांबला. मी वर पाहिले. सर म्हणाले, "पुढं वाच." पुढे फक्त तारीख होती. ती वाचली. मग काकूंनी चहा आणला.

दोन वर्षांनी सर गेले. भेटायला गेले तेव्हा काकू त्यांची पुस्तके आवरीत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या पोथ्या होत्या म्हणून आम्ही दोघं वाचलो गं. नाहीतर त्या वर्षी विहीर जवळ होती." माझ्या हातात तेव्हा तेच पुस्तक होते. मी ते खाली ठेवले. काकूंना ठाऊक होते की नव्हते, त्या मला सांगत होत्या की नुसत्या बोलत होत्या, हे मला आजपर्यंत ठरवता आलेले नाही. काकूही आता नाहीत.

पात्मोसच्या त्या खडकाच्या कठड्यापाशी मी उभी होते, तेव्हा प्रोखोरोस होऊन गेला की नाही, ह्याचा विचार करीत होते. वसईहून परतताना मात्र वाटले की, तो तिथे नव्हता हेच बरे झाले. असता तर त्याने ते वाक्य दुरुस्त केले असते. वीज अंगावर पडता पडताही केले असते. त्या जातीची माणसे मला चांगली माहीत आहेत.

सरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. असल्या पुस्तकांची निघत नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक प्रत आहे. वसईहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ती काढून घेतली, प्रस्तावनेतले ते वाक्य पेन्सिलीने खोडले आणि वर सरांचे वाक्य लिहिले. ग्रंथालयाच्या पुस्तकांत लिहू नये, असे मी मुलांना दर जूनमध्ये सांगते. त्या दिवशी इकडेतिकडे पाहून लिहिले.

गेल्या महिन्यात एम.ए.ची एक मुलगी तेच पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली. मुलगी हुशार आहे. अक्षर मोत्यासारखे, शुद्धलेखनाची एक चूक सापडायची नाही. म्हणाली, "मॅडम, ह्यात कोणीतरी पेन्सिलीनं काहीतरीच लिहून ठेवलं होतं. 'पोथ्यांनी आम्ही वाचलो', म्हणे! मी रबरानं खोडून टाकलंय."

मी पान पाहिले. अगदी स्वच्छ खोडले होते. मी तिला खुर्ची पुढे केली आणि बसायला सांगितले.